नळी काढून तपासलेली गाडी

माझ्या फुप्फुसातली गाठ आता कापून काढण्याजोगी राहिलेली नाही, असे परवा मंगळवारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आमच्या घरच्या डॉक्टरांनी काल छातीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि ते खरे असल्याचे सांगितले. चार महिने धरून चाला, असे ते म्हणाले.

म्हणून मी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने मोटार मेकॅनिक, सगळ्या गिऱ्हाइकांचा 'मिस्त्री', हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे का हे तपासायला डॉक्टरांनी मला तारीख आणि वार विचारला. तो मी सांगितला, वर चार सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंगचा क्रमही सांगितला, एक-तीन-चार-दोन. तो बरोबर की चूक हे त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी दाखला दिला. कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने मी लिहीत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटे लिहिले असते.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागचे अंगण, माझ्या पत्नीला. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा भिंतींना हिरवा रंग द्यावा. हिरव्याला मी चाळीस वर्षे नाही म्हणत आलो. आता माझे म्हणणे संपले.

२. बँकेत जे शिल्लक असेल ते मुलीला. जावयांना माझे मनगटी घड्याळ. ते रोज पाच मिनिटे मागे पडते. जावईही कधी वेळेवर आलेले नाहीत, दोघांचे जमेल.

३. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याने अस्सल म्हणून मला जन्मभर नकली डायफ्रॅम, म्हणजे गाडीच्या पंपातले रबरी पडदे, विकले. ते सगळे फाटके डायफ्रॅम मी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले आहेत. ते त्याला द्यावेत. डबा परत घ्यावा.

४. गॅरेजची जागा, तिथली सगळी हत्यारे, जॅक आणि टायमिंग लाइट माझ्या धाकट्या भावाला. कारण पाचव्या कलमात आहे. वकील म्हणाले, "मिस्त्री, कारण लिहायची कायद्याला गरज नसते." मी म्हटले, "कायद्याला नसेल."

५. सतरा वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई त्यांची जुनी राखाडी गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, हिला उचकी लागलीये. उभी असते तेव्हा गुणाची. रस्त्यावर पाय जरा दाबला की हिसके देते, पाय काढला की गप्प."

कार्बोरेटरची गाडी हिसके देते म्हणजे पेट्रोल नीट पोचत नाही, हे मी झोपेतही सांगितले असते. बाईंचे पुरते ऐकूनही घेतले नाही. कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून साफ केले, पंपाचा डायफ्रॅम बदलला आणि सगळे माझ्या हातांनी जोडले.

आमच्याकडे वडिलांपासून एक रीत होती. ठिणगीचे टायमिंग बघताना, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला जाणारी व्हॅक्यूमची, म्हणजे हवा ओढणारी, बारीक नळी काढायची आणि तिच्या तोंडात खिळा घालून ठेवायचा. टायमिंगपुरते ते बरोबरच आहे. मी मात्र नळी तशीच काढलेली असताना गाडी रेस करून ऐके, समाधान झाले की नळी लावून गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देई. रस्त्यावर नेत नसे. थोरल्याने कानाने ओळखायचे आणि धाकट्याने गाडी पुसून द्यायची, हीही वडिलांचीच रीत.

गाडी पुन्हा आली. तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, नळी लाव आणि मग बघ. मला वाटतं वायरिंगमध्ये आहे."

"तू बॅटरीत पाणी घाल. कार्बोरेटर कळायला तुला अजून दोन जन्म लागतील."

"मग या जन्मात नळी लावून बघायला काय जातं?"

मी बघितले नाही. पुन्हा कार्बोरेटर उघडला. तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइके होती. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या हाताला झालंय तरी काय?" मी म्हणालो, "कार्बोरेटर याने जोडला होता. मी नजर ठेवायला हवी होती."

हे खोटे होते. चार माणसांत मी सख्ख्या भावाच्या डोक्यावर खापर फोडले. त्याने बाईंची गाडी पुसून दिली. सगळे गेल्यावर म्हणाला, "दादा, बाईंना एकदा खरं सांग. बाकी काही नको." मी म्हणालो, "जागा माझ्या नावावर आहे." त्याने माझे पाने पुसून खिळ्यांना टांगले, स्वतःचे पिशवीत घातले आणि गेला. बाईंची गाडी बिघडवणारा म्हणून त्याचे नाव झाले होते. कोणी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. निवृत्त होईपर्यंत त्याने बस डेपोत टायर बदलले.

बाईंनी ती गाडी पुढे फारशी काढलीच नाही. सहा वर्षांपूर्वी त्या वारल्यावर त्यांचा भाचा ती माझ्याकडे घेऊन आला. हिसके तेच. या वेळी कार्बोरेटर उघडायचा मला कंटाळा आला, एवढेच खरे कारण. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले, आत ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटकडे जाणाऱ्या तारेवर टेस्टचा बल्ब लावला आणि ती नळी तोंडात धरून हवा ओढली. आतली तबकडी सरकली, तार ताणली गेली, बल्ब विझला. श्वास सोडला, पेटला. पुन्हा ओढली, पुन्हा विझला. तारेचे वरचे रबर शाबूत होते, आतले तांबे तुटलेले. रस्त्यावर पाय दाबला की इंजिन त्या नळीतून हवा ओढून तबकडी सरकवी आणि ठिणगी जाई. माझ्या गॅरेजात नळीच काढलेली, तर तबकडी हलणार कशी? वीतभर तार बदलली. चढावर गाडी एकदाही अडखळली नाही.

चढ संपतो तिथे मी गाडी वळवली. मग परत आलो आणि कोणाला काही सांगितले नाही, पत्नीलाही नाही. धाकट्याला तीनदा फोन लावला, तीनदा वाजायच्या आत ठेवला. बाई गेल्या त्या माझे खोटे खरे मानून गेल्या. ते आता दुरुस्त होत नाही.

मुलगी त्याच्याकडे जात असते. गेल्या महिन्यात त्याने तिला विचारले, "दादाचा खोकला कोरडा आहे की कफाचा?" ती म्हणाली, "काका, तूच येऊन ऐक ना." तो म्हणाला, "मला कुठं कानाने ओळखता येतं?"

म्हणून लिहून देतो, की कार्बोरेटर दोन्ही वेळा मी जोडला होता, दोष तारेत होता, आणि तो माझ्या धाकट्या भावाने ओळखला होता.

६. त्याने जागा नाकारली तर त्याला गळ घालू नये. पाचवे कलम मोठ्या अक्षरांत लिहून महिनाभर गॅरेजच्या दारावर लावावे. त्या वेळच्या चारांपैकी दोन गिऱ्हाइके अजून त्याच रस्त्याने जातात. मग जागा विकून येईल ते पत्नीने घ्यावे.

७. साक्षीदार म्हणून धाकट्याची सही असावी असे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, ज्याला मिळायचे त्याने साक्ष द्यायची नसते. म्हणून शेजाऱ्यांना बोलावले.

८. बाकी कागद मी गेल्यावर उघडावा. पाचवे कलम तोवर थांबवू नये. उद्या शुक्रवारी वकील ते धाकट्याच्या घरी नेऊन वाचून दाखवतील. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्हीच चला की रिक्षाने." त्याच्या घरचे तीन जिने मला चढवत नाहीत, हे अर्धे कारण. तो दार लावून घेईल, तर कागद दाराखालून आत सरकवावा. तो इकडे आला, तर मी झोपलेला असलो तरी मला उठवावे.

स्थळ: गॅरेजमागची खोली
दिनांक: गुरुवार, १९ जून २०१४

सही: मिस्त्री

आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत असताना सही केली:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे शिंपी (सही)

मसुदा वाचून दाखवला, त्यांनी एकही शब्द बदलला नाही. पाचव्या कलमाची प्रत घेतली आहे. उद्या सकाळी नऊला निघतो.
वकील (सही)