मच्छराच्या पोटातले दाणे

अनसिंग, कार्तिक, सन १९५५

वडीलधारे मेहुणे रतनसिंग यांले हेमसिंगचा वाकून रामराम. तुमची तब्येत, बैलजोडी अन् कारंज्याच्या बाजारात मुरगळलेला पाय, तिन्ही ठीक असतीन. इकडं सारं बरं हाये असं लिहायची रीत हाये म्हणून लिहून राह्यलो. खरं समजू नका.

तुमची बहीण धुरपताबाई मले सोडून तुमच्या घरी येऊन सव्वा महिना झाला. तिनं काय सांगितलं ते मले ठाऊक नाही (कमी नसंन सांगितलं). आता माही बाजू ऐका. मी मलेरियाच्या साहेबाच्या हाताखाली मच्छर धरतो (लग्नात तुमीच हे सर्व्यायले हसून सांगत होते). हिवतापाच्या माणसाचं रक्त मच्छर प्याला की तापाचे जंतू त्याच्या पोटात दाण्यावानी वाढतात, अन् मंग तोच मच्छर दुसऱ्याले ताप देतो. सरकारची पांढरी गोळी आली तवा साहेब म्हणे, गोळी घेतलेल्याचं रक्त प्याला तर मच्छराच्या पोटात दाणा धरतच नाही. मी तांड्यात छाती ठोकून तेच सांगितलं. पहिली गोळी धुरपताबाईले दिली, कारण ताप तिलेच होता. मंग साहेबानं जाळीच्या डब्यातले मच्छर तिच्या हातावर बसवले. बिचारीनं दुसऱ्या हातानं एकही मारला नाही.

दहा दिवसांनी साहेबानं वाशीमले ते मच्छर चिरून भिंगाखाली पाह्यले. पोटं दाण्यानं भरलेली. इकडं तिचा तापही परतला. साहेब म्हणे, बाईनं गोळी थुंकली असंन. एवढा शिकलेला माणूस, कायले चुकंन? तांड्यात थुंकणारे हायेतच (लखीरामच्या बकरीनं आमच्याहून जास्त गोळ्या खाल्ल्या). मंग मी अक्कल चालवली. पुढच्या गोळीच्या दिवशी साऱ्या तांड्यासमोर तिले तोंड उघडायले लावलं अन् चमच्याच्या दांड्यानं जीभ उचलून पाह्यली. काहीच सापडलं नाही, तरी मी म्हणलं, लय हुशार हाये. ती एवढंच बोलली, "बाजारात बैलाचे दात पाहतेत तसं पाहून राह्यले, मंग विकूनच टाका." अन् तशीच तापाच्या अंगानं मोटारीत बसली.

आठ दिवसांत मले ताप आला. मी गोळी गिळली, वरून तांब्याभर पाणी प्यालो, मच्छरायले हात दिला. त्यायच्याही पोटात दाणे, चांगले टपोरे. साहेब म्हणे, "हेमसिंग, तोंड उघड." उघडलं. चार लोक पाहून राह्यले होते. तवा मले समजलं मी काय केलं ते. मंग साहेबानं स्वतःच्या हातानं पाच जणायले गोळ्या चारल्या, तरी तेच. आखरीले साहेब कबूल झाला की इथल्या तापाले आता गोळीची सवय झाली, बाई खोटी नव्हती.

साहेबानं वर लिहिलं हाये. हुकूम येईस्तोर त्याच गोळ्या वाटायच्या. मी वाटून राह्यलो, लोक गिळून राह्यले. आता कोणी थुंकत नाही, याचंच वाईट वाटते. घरी चूल एक दिवसाआड पेटते. तिले न्याले आलो असतो, पण कोणत्या तोंडानं येऊ?

अजून तरी तुमचाच,
हेमसिंग

ता. क. तुमच्या गावचा सोमला इकडं आला तवा सांगून गेला, तिले अजून हुडहुडी भरते. त्याच्याच हाती जुन्या कडू कुनैनची पुडी पाठवली हाये, या तापाले तिची अजून सवय नाही. साहेबानं माह्या तापासाठी दिली होती, पण मले थंडी सोसते. तिले आजच द्या.

दुसरा ता. क. माह्याकडून आली हे सांगू नका, नाहीतर या खेपेले ती खरंच थुंकून टाकंन. अन् थुंकली तरी तिचं तोंड उघडून पाहू नका.