आपल्या घराण्याचं नाजूक पोट

अण्णा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर रागावणं तर्काला धरून नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला अजून दिसतं: बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरात तुम्ही ताकाचा पेला घेऊन ओट्याला टेकून उभे आहात. आई हळूच विचारते, "आजही रक्त पडलं का हो?" तुम्ही म्हणता, "उष्णता आहे. आपल्या घराण्याचं पोटच नाजूक." आजोबा त्या नाजूकपणातच गेले, आत्याही. मी खोदून विचारलं, तर "जेवताना असले विषय नकोत." जेवण झालं की तुमची वामकुक्षी. उदर, जठर, कुक्षी, पोटाचे सगळे शब्द तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलेत; डॉक्टरांसमोर त्यातला एकही खर्ची घातला नाहीत.

मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा म्हणालात, "लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या? छान. घरी फुकट करतेस, ते आता पगारावर कर." त्याच वर्षी तुम्ही गेलात. हिंजवडीच्या बसमध्ये केस पांढरे होईपर्यंत मी परक्यांच्या चुका शोधल्या; घरातली चूक तुम्ही झाकून ठेवलीत. यंदा माझ्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ सापडली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. "वडिलांना काही होतं?" "पोट नाजूक होतं," मी म्हणाले, आणि माझाच मला संताप आला.

मग तपासण्या झाल्या आणि त्यांनी समजावलं. आपल्याकडे एक दोष पिढीजात उतरतो: पेशी वाढताना होणाऱ्या चुका दुरुस्त होत नाहीत. चुकांनी भरलेली अशी गाठ शरीरातल्या रक्षक पेशींना परकी वाटते. त्या तिच्यात शिरतातही. पण गाठ "थांबा" असा इशारा करते आणि त्या मुकाट थांबतात. वळण आपल्याच घरचं. सलाईनमधून देतात ते औषध हा इशारा अडवतं. "हा दोष आहे, म्हणूनच औषध लागू पडायची आशा जास्त," बाई म्हणाल्या.

म्हणजे रोगही तुमच्याकडून, उताराही तुमच्याकडूनच. धड रागावूही देत नाही तुम्ही. एक वाक्य बोलला असतात, तर मी तरुणपणीच तपासून घेतलं असतं. लेकीला मी सगळं सांगितलं, भर जेवणात. तिने डाव्या हाताने फोन उचलून तपासणीची वेळ घेतली.

परवा स्कॅनमध्ये गाठ निम्मी झालेली दिसली. राग तेवढाच आहे. हा कागद कुठे धाडायचा नाही. पण बातमी ऐकली तेव्हा सगळ्यांत आधी ती तुम्हाला सांगावीशी वाटली.