बेडक्याची डबी

बिरसी, ९ जाने. ५७
मी बोलते, सूनबाई लिहिते. ती चौथी पास, म्हणून माझं बोलणं शाळेत घालून काढते. आज खोकत खोकत लिहून राहिली. दिवाळीपासूनचा खोकला. माझ्या गोविंदाने परवा फर्मान काढलं: बायको छपरीत झोपेल, बाळी आजीजवळ. दोन वर्षांची पोर ती. टीबी निघाला तर बायकोला माहेरी सालेकशाला पोचवणार, पोर इथेच. म्हटलं, "काऊन एवढी घाई, बाबू? दवाखान्यात त दाखव आधी."
खोकला माझाही आहे, वीस वर्षांचा. पण म्हातारीच्या खोकल्याला कोणी नाव विचारत नाही.

१४ जाने.
सूनबाईला घेऊन गोंदियाला. छातीचा फोटो नाही काढला, आधी बेडका म्हणे. डबी दिली. सकाळी उठल्या उठल्या छातीतून काढलेला हवा. तपासणारा चष्मेवाला पोरगेला, म्हणतो, "थूक नहीं अम्मा, बलगम." म्हटलं, "मले शिकवतं का? तुह्या वयाचा त माहा खोकला हाये." हसला.

१६ जाने.
डबी मीच नेऊन दिली. सूनबाईला म्हटलं, तू धान पाखड, मले बजारात काम हाये.

२१ जाने.
निघाला. गोविंदाने कागद वाचला, ताटावरून उठला. सूनबाईची पेटी ओसरीत आणून ठेवली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आत्याबाई, तिले पांघरूण घालत जा, झोपेत फेकते." पुढचं आज सांगवत नाही.

२२ जाने.
हात थांबवू नको सूनबाई, लिही. डबीत तुझा बेडका नव्हता. तुझा मी राखेत ओतला, माझा भरला. वाटलं, म्हातारीचा साधा खोकला, कागद चांगला येईल, पोर तुझ्या कुशीत जाईल. एवढं माझं शहाणपण.
लिहिलंस? आता गोविंदाला वाचून दाखव. माझ्याच्यानं त्याच्यासमोर बोलवणार नाही.
ती म्हणाली, "म्हणजे बाळी इतके दिवस तुमच्याजवळ..." एवढ्यावर थांबली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

२४ जाने.
सगळे गोंदियाला. चष्मेवाल्याला खरं सांगितलं. रागावला नाही, दुर्बिणीला डोळा लाव म्हणाला. आधी माझीच पापणी दिसली. मग निळं निळं, त्यात बारीक लाल काड्या, दोन तीन एकीला एक चिकटून. म्हणाला, हेच टीबीचे जंतू, तेजाबाने बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, यांचा उतरत नाही, म्हणून ओळखू येतात. म्हटलं, माह्याच घरी राहिल्या, हट्टी त रायतीनच.
फोटोत माझ्या उजव्या छातीत वर भोक, रुपयाएवढं. सूनबाईची छाती दोन्हीकडून साफ. तरी तिच्याकडून तीन दिवसांचा बेडका मागितला. या खेपेला डबी गोविंदाने नेली. मला हात लावू दिला नाही. बरोबरच आहे.

२९ जाने.
सूनबाईच्या तिन्ही डब्यांत काही नाही. धानाच्या कोंड्याचा खोकला, डॉ. म्हणतो. गोविंदा तिच्याकडे पाहत नव्हता. पेटी त्यानेच परत आत नेली.
बाळीला बेडका काढता येत नाही. हाताला तपासणीची बारीक सुई टोचली, तीन दिवसांनी पाहणार.

३१ जाने.
आता छपरीत मी. रोज एक सुई, गोळ्या. सूनबाई उंबऱ्याबाहेर बसून लिहिते, मी तोंडावर पदर धरून बोलते. अर्धं तिला ऐकू जात नाही. जे ऐकू गेलं ते खरं.
बाळीच्या हातावर सुईच्या जागी लाल झालं आहे, मला इथूनही दिसतं. डॉ.ने सांगितलं होतं, लालीचं काही नाही, खाली कडक लागतं का ते बोटाने पाहायचं; लागलं तर पोरीत टीबी शिरला. म्हटलं, "बोट ठेवून पाह्य ना वो."
"उद्या डॉक्टर पाहतीन, आत्याबाई."
म्हटलं, सकाळी आंघोळ घालताना तुझा हात त्यावरून गेलाच असेल.
ती मान खाली घालून हे लिहून राहिली आहे.