शिबिरातल्या मुलांना तू हवी आहेस

येलहंका, बंगळूर
९ मे १९९६

ती. आई,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, दुखऱ्या गुडघ्याला जरा जास्त.

मी मजेत. सुट्टीच्या शिबिरात सहावी-सातवीच्या मुलांना धंदा करायला शिकवतेय. काल मुलं स्वतः केलेल्या मेणबत्त्या विकायला निघाली, पण कुणाच्या दाराची बेल वाजवायलाच घाबरली. मग तू पापड विकताना करतेस ते सांगितलं: आधी घरच्यांची विचारपूस, मग पिशवी उघडायची. पोरं घरोघरी गप्पा मारून, सरबत पिऊन परत आली. पिशव्या उघडायलाच विसरली!

आता विचारतात, "मिस, तुमची आई कधी येणार शिकवायला?"

नागपूरच्या उन्हात अजून फिरतेस म्हणे. दादानं कळवलं. विश्रांतीला बोलावलं तर तू येणार नाहीस, म्हणून कामाला बोलावतेय.

वाट बघणारी,
कस्तुरी