दिवा लागल्यावर नाव नको

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता आरशात मीच तुझ्यासारखी म्हातारी दिसते. घरामागं सांदवाडीत उन्हाला बसून लिहिते आहे. चिंच आहे तिथेच आहे. तिच्याखाली सातभाई पाखरं पाचोळा उकरत दिवसभर भांडतात, आणि थंडी पडल्यापासून धोबी पक्षी न्हाणीजवळ शेपटी हलवत हिंडतो. उन्हाळाभर जेवणं झाली की चिंचेच्या वर दिसायचं ते सप्तर्षींचं खाटलं, चार खुरांचं आणि तीन चोरांचं, ते आता संध्याकाळच्या आभाळात नाही. तू म्हणायचीस, "खाटलं बुडालं का घुबड येते. पोट्टेहो, आता तोंड सांभाळा."

आपल्या घरी दिवा लागल्यावर कोणाला नावानं हाक मारायची नाही. घुबड नाव ऐकते, पाठ करते, आणि मग एक दिवस त्याच नावानं बोलावते. ओ दिली की थोड्या दिवसांत माणूस गेलं. म्हणून दिवसा माझं लाडाचं नाव घेणारी तू संध्याकाळी नुसतं "वो नकटे" म्हणायचीस. एकदा दादानं तिन्हीसांजेला सांदवाडीतून ते नाव घेतलं. तू चुलीपुढून धावत येतेस, पिठाचा हात त्याच्या तोंडावर दाबतेस आणि चिंचेकडे पाहत राहतेस. "काहून घेतलं रे नाव? एक डाव ऐकलं का ते इसरत नाही." दादाला पिठाच्या मिशा फुटलेल्या, मला हसू येतं. मग तुझी नजर चिंचेवरून हलत नाही हे दिसतं आणि मी तुझा पदर धरून मागे लपते.

सुनेला हे सांगून सांगून मी थकले. पोरगी चांगली आहे, पण गळा म्हणजे भोंगा. दिवा लागला तरी स्वयंपाकघरातून लेकीला खुशाल नावानं हाका मारते, आणि आमची नात नेमकी चिंचेखाली खेळत असते. "कायले तिचं नाव घेऊन राहिली?" मी खेकसले. "आई, तुमचं पन काहीतरीच! घुबड काय रेशनकार्डावर नाव चढवते?" मलाही हसू आलं असतं. पण वर फांदीवर ते बसलेलं होतं, आणि मान वळवून स्वयंपाकघराकडेच पाहत होतं.

मग परवा संध्याकाळी नात येऊन माझ्या लुगड्याला बिलगली. "आजी, झाडावरून मले कोन बोलावून राहिलं?"

"तू ओ दिली का?"

"नाही. त्याले पुरं नाव येत नाही अजून. अर्धंच येते."

मी तिला उचलून घरात नेलं, माय, आणि दार लावून घेतलं.

काल दिवा लावून नातीला सुनेजवळ बसवलं, बाहेरून कडी घातली आणि एकटी चिंचेखाली गेले. आभाळात तिकांडं, मृगाचे ते तीन तारे, बांबूभर वर चढलेलं. घुबडाला म्हणणार होते, बाबा, लेकरू सोड, मी पिकलं पान आहे. तोंड उघडायच्या आत वरून हाक आली. नातीचं नाव नव्हतं. माझं होतं, लाडाचं. दादाही गेला, ते नाव जाणणारं आता जगात कोणी नाही. आणि शेवटचं अक्षर लांबवलेलं, तू जेवायला बोलावताना लांबवायचीस तसं.

मी ओ दिली.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? उद्या सकाळी चुलीत घालीन. आज संध्याकाळी चिंच गप्प राहिली तर सुनेला सांगीन की पोरीसाठी ओ दिली, घुबडानं तिचं नाव विसरावं म्हणून. तिला तेवढं पुरे. पण तुला खरं सांगते माय, त्या घडीला पोर माझ्या ध्यानातही नव्हती. इतक्या वर्षांनी तू बोलावलंस, म्हणून दिली.