नुसत्या शेवटच्या आकड्याला पहिला नंबर नाही

सर, तुमची शेअर निवडायची स्पर्धा मी यंदा बदलली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. केजच्या याच कॉलेजात, याच वर्गात तुम्ही ती सुरू केलीत. प्रत्येकाला खोटे एक लाख रुपये, दिवाळीपासून परीक्षेपर्यंत कागदावरच शेअर घ्यायचे-विकायचे, आणि शेवटी ज्याचे पैसे जास्त तो पहिला. माझ्या वर्षी एका मुलानं सगळे पैसे एकाच शेअरात घातले आणि जिंकला. मी उठून विचारलं, "सर, हे तर नशीब झालं. यात अक्कल कुठं दिसली?" तुम्ही खडू हातात धरून माझ्याकडं बघताय, अजून दिसतं. "बाजारात रडणाऱ्याला कोण विचारत न्हाई. शेवटचा आकडा बघायचा. बस खाली." मी बसले. पुढं त्या मुलानं बापाच्या दुकानाचं खरं भांडवल तसंच एका शेअरात घातलं आणि दुकान गेलं. हे तुम्हीच शिकवलंत त्याला, सर, बक्षीस देऊन.

म्हणून यंदा तुमच्या जागेवर शिकवायला आल्यावर मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: सगळा बाजार जेवढा चढेल तेवढं प्रत्येकाच्या कमाईतून वजा, कारण ते कुणाचंच कर्तृत्व नाही, आणि मध्ये ज्याचे पैसे जितके खाली जातील तितके त्याचे गुण कमी. यंदा एका मुलाचे पैसे मध्येच निम्मे झाले, मग उसळले आणि शेवटी सगळ्यांत जास्त भरले. पण पहिली आली आष्टीकडची एक मुलगी. तिनं वेगवेगळ्या धंद्यांतले शेअर घेतले आणि फारशी खाली न जाता बाजाराला मागं टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील प्राचार्यांच्या खोलीत, आणि मलाही बोलावणं. "म्याडम, पैसे आमच्या पोराचे जास्त हायत, मग पैला नंबर तिचा कावून?" प्राचार्य म्हणाले, "सरांची पद्धत चांगली होती, तीच ठेवा." मी म्हणाले, "न्हाई ठेवणार. नियम सगळ्यांना आधी सांगितलाय. आता बदलायचा असेल तर स्पर्धा दुसऱ्या कुणाकडं द्या." वडील उठून गेले. बक्षीस त्या मुलीलाच दिलं, आणि पुढच्या वर्षीही नियम हाच राहील.

तुम्ही असता तर त्यांच्याच बाजूनं बोलला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी खरं सांगते सर, बोलताना मी सारखी दाराकडं बघत होते, तुम्ही आत याल आणि परत "बस खाली" म्हणाल म्हणून.