न तापणारे दिवे

१४ नोव्हेंबर, सकाळी
ठरलं. अंगणातले चारही हॅलोजन काढायचे, एलईडी लावायचे. अख्ख्या विनिपेगमध्ये आता हॅलोजन बहुतेक माझ्याकडेच उरलेत. शेजारच्या गास्तोंने एलईडी लावल्यापासून त्याच्या अंगणातली हॉकीची बर्फाची रिंक स्टेडियमसारखी दिसते आणि माझी... जाऊ दे. मत्सर हा माझा स्वभावच नाही.

खरा मुद्दा लेसियाचा. बायको म्हणते, हे घर आता आपल्याला झेपत नाही, विकू आणि लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जाऊ. गेल्या फेब्रुवारीत हॅलोजनचा बल्ब बदलताना मी शिडीवरून घसरलो, त्याचं निमित्त. जरासाच घसरलो होतो. काल रात्री जेवताना शेवटी तह झाला. या हिवाळ्यात मी शिडीवर चढलो नाही, तर घर राहील. चढलो, तर एजंटला फोन.

एलईडी वीस वर्षं टिकतो. म्हणजे एकदा लावला की शिडीचं नावच नको. लावण्यासाठी एकदा चढावं लागेल, पण ते तहात धरता येत नाही. ती तहाची पूर्वतयारी.

१६ नोव्हेंबर
लेसियाने परस्पर तिच्या भावाला, तारासला, सांगितलं. तो लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन. फोनवर म्हणाला, ओरेस्ट, तू नुसती कॉफी कर, दिवे मी लावतो. तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर बघितला की मला देव आठवतो. मी हसलो. मनातून नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, मला चार दिवे लावता येणार नाहीत?
शनिवारी येतो म्हणालाय. शुक्रवारी उरकून टाकायचं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी
लेसिया चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पेरोग्या, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडीच्या करंज्या, वळायला गेली. मी वर. वारा नाही, थंडी माफक. ‘अंगण’ लिहिलेला ब्रेकर आधी पाडला. सुरक्षितता प्रथम. दुसऱ्या दिव्याच्या वायरला हात लावला तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. थंडीमुळे असणार.
चारही लागले! काय उजेड! तारासची गरजच काय?

२२ नोव्हेंबर
तारास आला. एकेक दिवा निरखून बघितला, मग विचारलं, ब्रेकर कुठला पाडला होतास? दाखवला. तो गॅरेजमधल्या फ्रीझरचा निघाला. लेबलच चुकीचं, आणि परत चढवायचा राहिला, म्हणून फ्रीझर कालपासून बंद. आत चर्चच्या नाताळ-विक्रीच्या सगळ्या पेरोग्या. तारास म्हणाला, म्हणजे चालू विजेत हात घालून बसला होतास, तुझ्यापुढे हात टेकले बाबा.
पण गॅरेजमध्येच इतकी थंडी होती की एकही पेरोगी मऊ पडली नव्हती. थोडक्यात, मी वीज वाचवली. कौतुकाचा शब्द कोणी काढला नाही.
लेसिया म्हणाली, या वेळी सोडलं. पुन्हा चढलास तर बघ. मी म्हटलं, पुन्हा चढायचं कारणच उरलं नाही.

३ डिसेंबर
रिंकला पाणी घातलं, बर्फ छान धरला. संध्याकाळी दिवे लावले. गास्तों कुंपणाशी आला आणि म्हणाला, अंगणात ऑपरेशन करणार आहेस का रे? जळतोय बिचारा.
वीस तारखेला गल्लीचा हॉकी सामना. गेल्या वर्षी तो त्याच्याकडे गेला होता. यंदा परत आमच्याकडे. सगळ्यांना कळवलं.

७ डिसेंबर
पहिला मोठा बर्फ. संध्याकाळी दिवे मिणमिणते. फसवणूक! दुकानात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, दिव्यांवर बर्फ बसलाय का बघा. मी म्हटलं, हॅलोजनवर इतक्या वर्षांत कधी बसला नाही. ती म्हणाली, हॅलोजन तापायचे ना, वितळून जायचा. हे तापत नाहीत, तोच तर फायदा.
फायदा म्हणे!

८ डिसेंबर
उपाय सापडला. हॉकी स्टिकला झाडू बांधला. दोन दिव्यांपर्यंत पोचतो. गॅरेजवरचे दोन उंच आहेत.

११ डिसेंबर
पुन्हा बर्फ. विचार केला, चढणं म्हणजे नक्की काय? पहिल्या तीन पायऱ्या म्हणजे चढणं नव्हे, उंच उभं राहणं. चौथी वादग्रस्त. पाचवीपासून चढणं धरावं.
दुपारी लेसिया झोपते. सहाव्या पायरीवरून दोन्ही दिवे साफ केले. तिला कळलं नाही. माझी चाल मांजराची.

१४ डिसेंबर
बर्फ. साफ केले. लेसिया झोपलेली.

१५ डिसेंबर
रात्रभर बर्फ. साफ केले. शिडी थोडी हलली. शिडी जुनी झालीय, माझा तोल उत्तम आहे. लेसिया हल्ली दुपारच्या झोपेनंतरही दमलेली दिसते. वय.

१८ डिसेंबर
दिव्यांच्या काचेला स्वयंपाकाचं तेल चोळलं, बर्फ सरकून पडावा म्हणून. चिकटून बसला. खरवडावा लागला. स्वस्थता कसली ती नाही. सारखा खिडकीशी जातो, आभाळ बघतो, परत येतो. सामना एकदा पार पडला की हे घर कोण विकतंय बघू.

२० डिसेंबर, सामन्यानंतर
सगळे आले. तारासही. लेसियाने पेरोग्या, आंबट साय, परतलेला कांदा, सगळं मांडलं. खेळ सुरू झाला आणि भुरभुर लागली. मग दाट. मध्यंतरापर्यंत हॉकीची चकती दिसेना. गास्तों ओरडला, चला रे माझ्याकडे, इथे मेणबत्त्या लावाव्या लागतील! लोकांनी खरंच स्टिक्स उचलल्या.
मी शिडी लावली. सगळ्यांदेखत. तारास खाली उतर म्हणून ओरडत होता. वरच्या दिव्यावरचा बर्फ पुसला आणि झगझगीत उजेड सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीवर पडला. आत लेसिया उभी. कोट, टोपी, बूट, हातात फोन.
उतरलो. आत गेलो. कुठे निघालीस, विचारलं. म्हणाली, कुठे नाही. तू वर गेलास की मी बूट घालून उभी राहते. गेल्या हिवाळ्यात तू बर्फात पडलेला मला दिसत होतास आणि मला माझे बूट सापडत नव्हते.
मी म्हटलं, दर वेळी? दुपारीसुद्धा? तू तर झोपतेस.
म्हणाली, झोपतंय कोण?
मला वाटत होतं, ती घराला कंटाळलीय. ती घाबरली होती, वर्षभर. मला फार लाज वाटली.
सामना गास्तोंकडे गेला. मी गेलो नाही.

२२ डिसेंबर
एजंटला मीच फोन केला. एजंटबाई खूश. जाहिरातीत अंगणातल्या नव्या दिव्यांचा खास उल्लेख करू म्हणाली. मी करा म्हटलं.

२३ डिसेंबर, संध्याकाळ
पुन्हा बर्फ. चारही दिवे झाकले. मी खुर्चीत बसून बघतोय, उठणार नाही. लेसियाला तसं स्पष्ट सांगितलं. बरं, म्हणाली.
बूट अजून तिच्या पायातच आहेत.